जीआरईची तारीख डिसेंबरपासून मागे मोजा

आमच्या सांगलीच्या घरी कालनिर्णयच्या चौकोनांत आई दुधाचे लिटर लिहिते. मावसभाऊ अमेरिकेतल्या एमएसचं विचारायला आला, तेव्हा मी तेच कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि थेट डिसेंबरचं पान उघडलं. "ताई, आत्ता जून चालू आहे," तो म्हणाला. पण जीआरईची, म्हणजे तिकडच्या प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची, तारीख आजपासून पुढे मोजायचीच नसते. अर्जाच्या शेवटच्या दिवसापासून मागे यायचं.

मी हे उलटं केलं होतं. अभ्यास पुरा झाला की तारीख घेऊ, असं म्हणता म्हणता 22 नोव्हेंबर उजाडला. पेपर संपला आणि स्क्रीनवर 302 दिसले. सरावात मी 315 च्या खाली कधी आले नव्हते. एकदा परीक्षा दिली की 21 दिवस पुन्हा बसता येत नाही. म्हणजे लवकरात लवकर 13 डिसेंबर, आणि यादीतल्या पहिल्या दोन विद्यापीठांची मुदत 15 ला. त्यात सातव्या सेमिस्टरचे पेपर. ती दोन नावं मी त्या रात्री खोडली. आजही त्याचं वाईट वाटतं, म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय.

तर 15 डिसेंबरला खूण करा. काही विभागांची मुदत 1 डिसेंबरला संपते, काहींची जानेवारीत. तुमच्या यादीतली सगळ्यात आधीची धरा. अधिकृत गुण तुमच्या खात्यात यायला 8 ते 10 दिवस लागतात, पुढे विद्यापीठात ते तुमच्या अर्जाला जोडले जायला आणखी काही दिवस. मी पूर्ण तीन आठवडे सोडायला सांगते. म्हणजे आलो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पण तेव्हा सबमिशन, ओरल, आणि शिफारसपत्रासाठी सरांच्या केबिनबाहेर ताटकळणं, सगळं एकदमच येतं. म्हणून सोपा हिशोब: पहिली परीक्षा गणपती बसायच्या आधी, दुसरी लागलीच तर दसऱ्याच्या आसपास. मधे पाच आठवडे मिळतात. 21 दिवसांची अट त्यात बसते आणि कुठे चुकलं ते बघून पुन्हा तयारी करायलाही वेळ उरतो.

जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे दोन. त्यामुळे जमत असेल तर तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच जीआरई उरकून टाका. इंग्रजीची परीक्षा नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिली तरी चालते.

फी भरण्याआधी प्रत्येक विभागाचं पान स्वतः वाचा. विद्यापीठाच्या मुख्य पानावर एक असतं, कॉम्प्युटर सायन्सच्या पानावर दुसरंच. बऱ्याच विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. वीस हजारांच्या वर फी आहे, घरच्यांचे पैसे आहेत. गरज नसेल तर देऊ नका.

तारीख घेण्याआधी पासपोर्ट हातात हवा. आपल्याकडे पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. नोंदणी करताना हुबेहूब तसंच लिहा. तारीख बदलायची वेळ आली तर परीक्षेच्या किमान चार दिवस आधी बदला, त्यासाठी वेगळी फी पडते. सेंटर पुण्यात मिळालं तर आदल्या दिवशीच पोहोचा. रात्रभर एसटीत बसून सकाळी क्वांट, म्हणजे गणिताचा भाग, सोडवायला जाऊ नका.

आणि चार विद्यापीठांची नावं आधीच ठरवून जा. परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी गुण फुकट पाठवता येतात, नंतर प्रत्येकाचे पैसे पडतात. व्हर्बल (इंग्रजीचा भाग) आणि क्वांटचे गुण दिसल्यावरच पाठवायचं की नाही हे विचारतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

मुदत बहुतेक वेळा तिकडच्या घड्याळाने असते. न्यूयॉर्कचे 15 डिसेंबरचे रात्रीचे 11:59 म्हणजे आपल्याकडे 16 ची सकाळ, 10:29. त्या वाढीव तासांवर विसंबू नका. मावसभावाने आईच्या दुधाच्या आकड्याशेजारी लाल पेनाने गोल केला तो 10 तारखेला, आणि अर्ज त्याच दिवशी गेला.