प्रत्येकाला त्याच्या कामाचाच मेनू: ऑफिसच्या नेटवर्कवर प्रोग्रॅम कसे मांडावेत

मी एका साखर कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. गळीत हंगाम तोंडावर आला की आठवड्याभरात हंगामी क्लार्क हजर होतात, आणि पाळी बदलली की माणसाचा कॉम्प्युटरही बदलतो. पूर्वी मी प्रत्येक मशीनवर जाऊन हातानं आयकॉन टाकायचो. एका रात्रपाळीला वजनकाट्यावरच्या नव्या मुलाला पावतीचा प्रोग्रॅम सापडेना. डेस्कटॉपवर चाळीसेक आयकॉन, त्यातले निम्मे पांढरे, कोरे. बाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि मी घरून फोनवर सांगतोय, "वरून तिसरा, नाही, त्याच्या खालचा." त्यानंतर मी सगळे शॉर्टकट सर्व्हरवर एका ठिकाणी आणले. विंडोज सर्व्हर आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांची लॉगिनं एका जागी सांभाळणारी विंडोजची सोय) असेल तर वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

सर्व्हरवर 'मेनू' नावाचं फोल्डर करून शेअर करा. आत विभागवार फोल्डर: शेतकी, काटा, स्टोअर, अकाउंट्स, टाइम ऑफिस. प्रत्येकात त्या विभागाचे शॉर्टकट. नावं देताना कंपनीनं प्रोग्रॅमला काय नाव दिलंय ते विसरा. आमच्याकडे 'ऊस नोंद', 'वजन पावती', 'ऊसबिल', 'तोडणी-वाहतूक बिल' अशी नावं आहेत, कारण माणसं तोंडानं हेच म्हणतात. रोज लागणारं काम वर यावं म्हणून नावाआधी आकडा घालतो.

शॉर्टकट बनवताना तीन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. पत्ता सर्व्हरच्या नावानं लिहा, मॅप केलेल्या ड्राइव्हच्या (सर्व्हरवरच्या फोल्डरला मशीनवर दिलेल्या Z: सारख्या) अक्षरानं नको. एखाद्या मशीनवर ते अक्षर जोडलेलं नसलं की शॉर्टकट मेलाच. आयकॉनच्या फाइल्स सर्व्हरवरच एका फोल्डरात ठेवा आणि तिथूनच निवडा. ते कोरे पांढरे आयकॉन यायचे ते चित्राची फाइल एकाच मशीनवर असल्यामुळे. तिसरी गोष्ट म्हणजे प्रॉपर्टीजमधला 'स्टार्ट इन' रकाना. जुने हिशेबाचे प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरात डेटा शोधतात. हा रकाना रिकामा किंवा चुकीचा असला तर प्रोग्रॅम उघडतो आणि फाइल नाही म्हणून बंद होतो.

आता परवानग्या. प्रत्येक विभागाचा एक सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे एकत्र परवानगी देण्यासाठी लॉगिनांचा गट, करा. विभागाच्या फोल्डरवर इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप खाली येणं) बंद करून सर्वसाधारण 'यूजर्स' काढा आणि त्या ग्रुपला फक्त वाचण्याची परवानगी द्या. मग सर्व्हर मॅनेजरमध्ये फाइल अँड स्टोरेज सर्व्हिसेस, शेअर्स, आपल्या शेअरची प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, आणि तिथं 'अ‍ॅक्सेस-बेस्ड एन्युमरेशन'वर खूण करा. ज्या फोल्डरची परवानगी नाही ते त्या माणसाला दिसतच नाही. काट्यावरच्या मुलाला मेनू उघडल्यावर एकच विभाग दिसतो, त्याचा.

इथं माझा अर्धा दिवस गेला होता. मी स्वतःच्या लॉगिननं तपासत होतो आणि सगळेच विभाग दिसत होते. सर्व्हरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला हे सेटिंग लागू होत नाही. साध्या क्लार्कचं एक चाचणी लॉगिन करून तपासा. ग्रुपमध्ये नाव टाकल्यावर त्या माणसाला लॉगऑफ करून परत यायला सांगा, त्याशिवाय बदल दिसत नाही. आणि शॉर्टकट दिसत नाही म्हणजे प्रोग्रॅम सुरक्षित झाला असं समजू नका. मूळ प्रोग्रॅमच्या आणि डेटाच्या फोल्डरवर परवानग्या वेगळ्या लावाव्याच लागतात.

मेनूत 'माझं' नावाचं एक फोल्डर ठेवा आणि त्यात प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर, त्यालाच लिहिण्याची परवानगी देऊन. त्यासाठी शेअरची परवानगी 'चेंज' (वाचणं आणि लिहिणं दोन्ही) ठेवावी लागते. बाकीचे विभाग फोल्डरच्याच परवानगीनं राखले जातात. हा भाग गाळू नका, अशी माझी विनंती आहे. स्टोअरच्या एका काकांनी तिथं कॅल्क्युलेटर, गेटपासचा नमुना आणि तीन एक्सेल फाइल्स ओळीनं लावल्यात. कुठल्याही मशीनवर बसले तरी त्यांचं टेबल त्यांच्यासोबत येतं.

मेनूचा आयकॉन डेस्कटॉपवर पोचवायला ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून सगळ्या मशीनना एकदम सेटिंग लावायची सोय) वापरा: यूजर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, विंडोज सेटिंग्ज, शॉर्टकट्स. पॉलिसी साधारण ९० ते १२० मिनिटांत आपोआप ताजी होते. हे एकदाच करायचं. नंतर सर्व्हरवरच्या फोल्डरात टाकलेला शॉर्टकट सगळीकडे लगेच दिसतो. विंडोज १० मध्ये हेच फोल्डर टास्कबारवर 'न्यू टूलबार' म्हणून लावता यायचं आणि छान उलगडणारा मेनू मिळायचा. विंडोज ११ मध्ये ती सोय काढली, आणि १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून नव्यानं मांडणाऱ्यानं डेस्कटॉपचाच रस्ता धरावा.

प्रोग्रॅम उघडताना दर वेळी सुरक्षेचा इशारा येत असेल तर पॉलिसीतून सर्व्हरचं नाव 'लोकल इंट्रानेट' झोनमध्ये, म्हणजे विंडोज ऑफिसच्या आतल्या समजतं त्या पत्त्यांच्या यादीत, घाला. पत्त्यात आयपी आकडे वापरले तर हा इशारा हमखास येतो.

हंगाम संपला की हंगामी लोकांचं लॉगिन डिलीट करू नका, डिसेबल करा. डिलीट करून पुढच्या वर्षी त्याच नावानं नवं केलं तरी विंडोजला तो वेगळाच माणूस वाटतो, आणि त्याचं 'माझं' फोल्डर त्यालाच दिसत नाही.