खड्डामागावर बसायचं कसं

वडगावात आता यंत्रमागाचाच खडखडाट जास्त. तरी हातमाग शिकायचाय म्हणून पोरी येतात, आणि आल्या आल्या धोट्याला, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या लाकडी होडीला, हात घालतात. मी त्यांना आधी मागाखालच्या खड्ड्याच्या काठावर नुसतं बसवते. कापड हातानं विणलं जातं असं बघणाऱ्याला वाटतं. पण कंबर आणि पाय ठीक नसतील तर हाताच्या कौशल्याचा काही उपयोग नाही.

पाय खड्ड्यात सोडा, तळवे पावड्यांवर, म्हणजे उभे धागे वरखाली करायला पायानं दाबायच्या पट्ट्यांवर, टेकवा. गुडघे कमरेच्या थोडे खाली राहिले पाहिजेत. वर येत असतील तर बुडाखाली पोत्याची घडी घाला. पाय पोचत नसतील तर पावड्यांच्या दोऱ्या आखडून त्या वर बांधून घ्या. जुने माग बहुतेक घरातल्या पुरुषाच्या मापाचे असतात, त्यावर बाई बसली की पाय लोंबकळतात आणि मग ती कंबर वाकवून विणते. असं करू नका. मागाला आपल्या मापावर आणायचं, त्यात संकोच कसला?

आता फणी, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणारा मोठा कंगवा, पूर्ण पुढं ढकलून बघा. खांदा तिच्यामागं ओढला जात असेल तर तुम्ही लांब बसलाय, पुढं सरका.

पूर्वी धोटा या हातातून त्या हातात फेकायचे, म्हणून एकट्या माणसाच्या कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पोचीपलीकडं जात नसे. १७३३ साली इंग्लंडात जॉन के यानं दोरीनं पळणाऱ्या धोट्याचं पेटंट घेतलं, तेव्हा ही अडचण सुटली. पण दोरीच्या मागावर एक हात दोरी ओढतो आणि दुसरा फणी मारतो, त्यामुळं अंगाच्या दोन बाजूंना वेगवेगळं काम पडतं. दोरी मनगटानं ओढा. खांद्यानं ओढाल तर रात्री कुशीवर झोपता येणार नाही. अधूनमधून दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाठ ताणा.

पावडी कुठली दाबायची हे तोंडानं मोजत बसू नका. धोटा उजवीकडं असला की उजवी, डावीकडं असला की डावी, अशी सवय लावून घ्या. मध्येच कुणी हाक मारली, चहा आला, तरी धोटा कुठल्या बाजूला आहे ते बघितलं की पुढचा पाय कळतो.

खरी कसोटी फणीच्या ठोक्याची. जोरात ठोका पडला की आडवे धागे दाटतात, हलका पडला की विरळ होतात. सकाळी अंगात जोर असतो, जेवणानंतर हात जड होतो, संध्याकाळी ठोका सैल पडतो. विणलेलं कापड उजेडापुढं धरा, तुमचा अख्खा दिवस त्यात आडव्या पट्ट्यांनी दिसेल. म्हणून दर थोड्या वेळानं भिंग लावून एका इंचात किती धागे बसले ते मोजायचं. थकवा आला की जोर वाढवून भरपाई करू नका, उठा. आणि एका साडीवर दोघींनी आळीपाळीनं बसू नका. शेजारच्या अज्जीला नुसत्या बोटांनी कळतं की इथं हात बदलला.

रात्री उठताना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सैल करून ठेवायचा. ताणलेलाच राहिला तर सकाळी पहिल्या ठोक्याला रेघ उमटते, आणि ती धुऊनही जात नाही.

इरकली साडीचं काम शिकणार असाल तर मानेला जपा. तिच्यात अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा वेगळे करतात आणि एकेक धागा फासात अडकवून जोडतात, त्यामुळं दर साडीला नवा ताणा लागतो. हे काम मान खाली घालून होतं. उजेड बाजूनं येऊ दे, म्हणजे डोक्याची सावली धाग्यांवर पडत नाही. बोटांना भेगा असतील तर रेशीम अडकून ओरबाडतं. रात्री खोबरेल चोळा, सकाळी बेसनानं हात स्वच्छ धुवा. तेलकट बोट मात्र पदराला लावू नका.

उन्हाळ्यात सुती धागा कोरडा पडून तुटतो, तेव्हा खड्ड्यात पाणी शिंपडायचं. ओल असली की तो टिकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात उलटं होतं, धाग्यांना लावलेली खळ ओलसर होऊन ते एकमेकांना चिकटतात. तेव्हा ताण्यावरनं कोरडा हात फिरवून ते सुटे करा, मगच पावडी दाबा.