पिंग येतोय म्हणून स्विच बरा आहे असं समजू नका

एप्रिल लागला की भुसावळ-जळगावकडचे फोन सुरू होतात. ‘नेट जातंय, स्विच बदलून द्या.’ स्विच म्हणजे कॅमेरे, कॉम्प्युटर केबलींनी एकमेकांना जोडणारा नेटवर्कचा डबा. मी विचारतो, तापमान किती दाखवतोय? उत्तर ठरलेलं: ‘पिंग तर येतोय ना!’ म्हणजे नेटवरून हाक मारली की स्विच ओ देतोय.

अरे बाबा, ताप चढलेला माणूसही हाकेला ओ देतो.

धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये हेच झालं. भर मे महिना, दुपारी दोनला सगळे कॅमेरे बंद. आधीच्या पोरानं केबल बदलली, कनेक्टर दोनदा क्रिंप केले, आता नवा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) घ्या म्हणून मालकाच्या मागे लागला होता. मुनीम मात्र सहज बोलून गेला, “भाऊ, दुपारले बंद पडस, सांजले आपोआप चालू व्हई जास.” मी टेस्टर पिशवीत परत ठेवला.

स्विच पत्र्याखालच्या पेटीत होता. हंगामभर उडालेली रुईची तूस पंख्याच्या जाळीवर गोधडीसारखी बसली होती, पंखा ठप्प. कमांड दिली, ‘शो एन्व ऑल’: फॅन फॉल्टी, तापमान इशाऱ्याच्या पिवळ्या मर्यादेच्या वर. स्विच चालू, पिंग चालू, फक्त उष्म्यानं पीओईची, म्हणजे नेटच्या केबलीतूनच कॅमेऱ्यांना जाणारी, वीज तोडलेली. लॉगमध्ये इशारे होते, पण तारखा मार्च १९९३ च्या! घड्याळ लावलं नाही की सिस्को कंपनीचे बरेच स्विच १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. दुपारी दोनचा इशारा दुपारी दोनचा आहे हे कळणार कसं? एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ आपोआप लावून घेणं, दोन ओळींचं काम, पण घाई असते ना सगळ्यांना.

दुसरी चूक: आतला आकडा बघून घाबरणं, नाहीतर खोलीतला बघून निर्धास्त राहणं. ऑफिसच्या साध्या स्विचला साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंतची हवा चालते, ती त्याच्या तोंडाशी मोजलेली. आपल्याकडे मेमध्ये बाहेरच ४५ होतात, पेटीत काय होत असेल ते सांगायला नको. उलट चिपजवळचा सेन्सर साठ दाखवत असला तरी कित्येकदा काही बिघडलेलं नसतं. मी वहीत दोन आकडे लिहितो, खोलीचा आणि स्विचचा. दोन्ही मिळून चढले तर ऊन. फरक वाढला तर धूळ नाहीतर पंखा. सॉफ्टवेअरवाले हसतात, हसू देत.

बाकीच्या चुका पटापट. एसएनएमपीचा, म्हणजे स्विचची तब्येत दुरून विचारायच्या पद्धतीचा, परवलीचा शब्द ‘पब्लिक’च ठेवू नका. फक्त ट्रॅपवर, म्हणजे स्विच स्वतःहून पाठवतो त्या इशाऱ्यावर, विसंबू नका, तो यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेता, जातो, पोचला की नाही हे स्विचला कळत नाही. दर पाच मिनिटांनी आपणच विचारायचं. रॅकसमोर डेझर्ट कूलर लावणाऱ्यांना मी हात जोडतो: ती ओली हवा आहे, एसी नव्हे. आणि हवा पुढून मागे जाणाऱ्या स्विचवर मागून हवा ओढणारा ठेवला, तर एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या नाकात.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. हे त्या मुनीमला एकदाच दाखवलं. आता हंगामात तो महिन्यातून एकदा स्विच बंद करून जाळी साफ करतो, आणि चालू झाल्यावर मला दोन आकडे फोनवर सांगतो.