स्नायूंची ताकद ० ते ५ श्रेणींत कशी मोजावी

कोल्हापुरात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आलेल्या रुग्णाच्या कागदावर ‘पॉवर ३/५’ असे लिहिलेले दिसते. हा आकडा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या श्रेणीतला आहे.

कोपराची ताकद तपासताना रुग्णाला बसवून दंड अंगालगत ठेवावा, तळवा वर करावा आणि आधी चांगला हात तपासावा, कारण तालमीतल्या पैलवानाला आणि सत्तरीतल्या आजींना एकच माप लावता येत नाही. मग कोपर वाकवायला सांगावे. हात स्वतःच्या वजनासह पूर्ण वर आला, पण तुमचा हलका दाबही सोसला नाही, तर ३. काही विरोध पेलला तर ४. पूर्ण विरोध पेलला तर ५. वर येतच नसेल, तर खांद्याइतक्या उंच टेबलावर हात आडवा ठेवून कोपर वाकवायला सांगावे. वाकले तर २. तेही जमले नाही, तर दंडाच्या स्नायूवर बोटे ठेवावीत: नुसते आकसणे जाणवले तर १, काहीच नाही तर ०.

श्रेणी ४ फारच ऐसपैस आहे, म्हणून अनेक डॉक्टर ‘४ उणे’, ‘४ अधिक’ असेही लिहितात. वेदनेमुळे जोर लागत नसेल किंवा लकव्यानंतर हात ताठरला असेल, तर तशी वेगळी नोंद करावी. अशा वेळी नुसता आकडा फसवा ठरतो.