शर्यत एक, होड्या दोन जातींच्या

पवना जलाशयावर आम्ही मित्रमंडळी दर रविवारी शिडाच्या होड्यांची शर्यत घेत असू. परंतु वेगवान लेझर आणि लहानगी, संथ ऑप्टिमिस्ट या दोन जातींच्या होड्या एकाच वेळी सुटत असल्याने निकाल आधीच ठरलेला असे आणि तिसऱ्या रविवारी ऑप्टिमिस्टवाली मुले आलीच नाहीत. तेव्हा मी वेगवेगळ्या जातींच्या होड्यांची बरोबरी साधणारी पोर्ट्समथ यार्डस्टिक पद्धत लावली, जिच्यात लागलेल्या वेळेला १००० ने गुणून होडीच्या जातीला ठरवून दिलेल्या क्रमांकाने (होडी जितकी संथ, तितका तो मोठा) भागतात. लेझरचा क्रमांक साधारण ११००, ऑप्टिमिस्टचा १६४० धरला. पुढच्या शर्यतीत लेझरची ४४ मिनिटे ४० झाली, तर ऑप्टिमिस्टची ६२ मिनिटे ३८ च्या आत आली. लेझरवाल्या काकांनी गणित दोनदा तपासले. वळणाची खूण असलेला तरंगता बोया मात्र वाऱ्याने सरकत असे. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या तिप्पट ठेवून तिच्या टोकाशी थोडी साखळी जोडल्यावर तो जागेवर राहिला.