पेसो कुणाचा, टिंब कशाचं?

पीथमपूरचा माल लॅटिन अमेरिकेला जाऊ लागला की इंदूरच्या ऑफिसात स्पॅनिश-पोर्तुगीज कागद येऊ लागतात. असा कागद हाती आला की आधी देश पक्का करा, मग आकडा वाचा.

नुसतं 'पेसो' कधी लिहू नका. अर्जेंटिना, चिली, कोलंबिया, मेक्सिको, उरुग्वे, क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि फिलिपिन्स, आठ देशांत पेसो चालतो आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. त्यातले बरेचजण चिन्हही डॉलरचंच वापरतात. म्हणून तीन अक्षरी कोड मागून घ्या: मेक्सिकोचा एमएक्सएन, कोलंबियाचा सीओपी, चिलीचा सीएलपी.

खरा घोळ टिंबाचा. ब्राझील, अर्जेंटिना, चिली, कोलंबियात हजारापुढे टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. '१.२५०,००' म्हणजे साडेबाराशे. आपल्या सेटिंगच्या एक्सेलला हा मजकूर वाटतो आणि तो बेरजेतून गळतो. नुसतं '१.२५०' असेल तर त्याचे सव्वा होतात. हे जास्त घातक, कारण चूक डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मग आकडे चिकटवा, मग 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर 'अॅडव्हान्स्ड'मध्ये दोन्ही चिन्हं बदला. मेक्सिकोच्या कागदांना हे करू नका, तिथं दशांशाला आपल्यासारखंच टिंब असतं.

मोठ्या रकमेत 'बियोन' हा स्पॅनिश शब्द दिसला तर ते अब्ज नव्हेत, लाख कोटी आहेत. ब्राझीलचा 'बिल्यांव' मात्र अब्जच. व्हेनेझुएलाच्या जुन्या कागदावर तारीख बघितल्याशिवाय हात लावू नका: बोलिव्हार या तिथल्या चलनावरून २००८ मध्ये तीन, २०१८ मध्ये पाच आणि २०२१ मध्ये सहा शून्यं उडाली.

गावांची नावंही अशीच फसवतात. सान्तियागो चिलीत आहे, क्युबात आहे, स्पेनमध्येही आहे. कोर्दोबा स्पेन आणि अर्जेंटिनातलं शहर, शिवाय निकाराग्वाचं चलन. पार्सलवर देश आणि पिनकोड दोन्ही हवेत.

मराठीत लिहिताना इंग्रजीमार्गे जाऊ नका. स्पॅनिश त आणि द दंत्य आहेत, ट-ड नव्हेत. 'सँटियागो' हे इंग्रजी कानाचं. 'जे' अक्षराचा उच्चार ह-खच्या जवळचा, म्हणून ग्वादालाहारा. रूढ झालेलं मेक्सिको मात्र तसंच राहू द्या, 'मेहिको' लिहिलं तर कुणी ओळखणार नाही.