संक्रांत ते होळी : परसातल्या कोंबड्यांची कामं

संक्रांत सरली की आमच्या वस्तीवरच्या कोंबड्यांचे तुरे हळूहळू लाल व्हायला लागतात. पौषात तुरा फिकट आणि आकसलेला असतो, अंडी जवळजवळ बंद असतात. मग एखादी कोंबडी गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या गंजीमागे जागा शोधत फिरू लागते. ती जागा शोधायला लागली की समजायचं, आता अंड्यावर आली. यामागे थंडीपेक्षा उजेड जास्त असतो. डिसेंबरच्या अखेरीला आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, फेब्रुवारीच्या मध्याला साडेअकरा तासांचा, आणि पुढे वाढतच जाणारा. कोंबडीचं शरीर तो वाढता दिवस ओळखतं.

आम्ही इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्यापासून जवळ राहतो. घराला पुरतील इतक्या गावरान कोंबड्या आणि दोन कोंबडे कायम परसात असतात. वर्षातून एकदाच पिल्लं काढायची असतील तर ती माघात काढावीत, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यातल्या पिल्लांना ओल मारते, रक्ती हगवण लागते. मेमधली पिल्लं उन्हाने जातात. माघात बसवलेल्या कोंबडीची पिल्लं थंडी ओसरताना बाहेर येतात, चैत्राचं ऊन तापेपर्यंत त्यांना पिसं आलेली असतात, आणि त्यातल्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, दसरा-दिवाळीच्या सुमाराला अंडी द्यायला लागतात. तेव्हा गावरान अंड्याला गिऱ्हाईक दारात येतं. म्हणून पुढची सगळी कामं मी याच हिशोबाने लावते.

आधी खुराडं. थंडी आहे म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी खताच्या गोण्या बांधायची आपल्याकडे सवय आहे. तसं करू नका. कोंबडीला तिच्या पिसांची ऊब पुरते, तिला मारतो तो कोंदटपणा. रात्रभर कोंडलेल्या विष्ठेचा उग्र वास सुटतो, त्याने डोळे चुरचुरतात, नाक वाहतं आणि मग सर्दी सगळ्या कळपात फिरते. पहाटे दार उघडण्याआधी खाली बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. उभ्याने घेतलेला वास खरा नसतो. डोळ्यांत झोंबलं तर हवा कमी पडतेय. गोणी बांधायची ती फक्त ज्या बाजूने पहाटेचा वारा येतो तिकडे, आणि छपराखाली वीतभर पट्टी मोकळी सोडायची. भाताचं तूस मिळालं तर दोन-तीन इंच पसरा, नाहीतर लाकडाचा भुसा चालतो. दोन दिवसांनी खालीवर करा, ओला झालेला भाग उचलून उकिरड्यावर टाका.

बसायच्या दांड्या याच दिवसांत काढून उन्हात टाकाव्यात. कोंबडीच्या अंगावरच्या उवा दिसतात, पण लाल बारीक किडा दिवसा दांडीच्या फटीत लपतो आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितो. रात्री बॅटरी घेऊन जा आणि पांढरं फडकं दांडीच्या खालून पुसत न्या. फडक्यावर लाल डाग उमटले तर किडा आहे. दांड्या उकळत्या पाण्याने धुऊन, फटीत चुना भरून वाळवायच्या. उवांसाठी कोंबडी उलटी धरून शेपटीखालची पिसं बाजूला करा. पिसाच्या मुळाशी पांढरट गठ्ठे चिकटलेले असतील तर ती उवांची अंडी. त्यावर चुलीतली गार राख आणि बारीक चाळलेली माती यांचा खड्डा करून देणं सगळ्यात सोपं. तो छपराखाली करा, म्हणजे दवाने ओला होत नाही. कोंबडी त्यात अंग घोळते आणि बरंचसं काम स्वतःच उरकते.

आता खाणं. शाळूची काढणी-मळणी सुरू झाली की खळ्यावर आणि मोकळ्या रानात कोंबड्या दिवसभर वेचत फिरतात, त्यांचं निम्मं पोट तिथेच भरतं. पण नुसत्या धान्यावर अंडी टिकत नाहीत. आम्ही संध्याकाळी मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड आणि आठवड्यातून दोनदा सुकट कुटून देतो. भिगवणच्या बाजारातून मासे आणले तर साफ करून उरलेलं शिजवून घालतो. हिरव्यासाठी लसूणघास आणि शेवग्याचा पाला. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते बाहेरून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते, आणि मग पातळ कवचाची अंडी, लंगडणं सुरू होतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाते. घरच्या अंड्यांची टरफलं द्यायची असतील तर तव्यावर भाजून बारीक कुटा. अख्खी टरफलं टाकली तर कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागते. एक जपा: पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बी किंवा नुकती फवारणी झालेला कांदा जिथे असेल तिकडे कोंबड्या सोडू नका.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला तयार झाली, हे कसं ओळखायचं? ती अंडी घालायच्या जागेवरून उठत नाही, हात नेला की पिसं फुगवून चोच मारते, उठली तर वेगळ्या आवाजात खुडखुडत फिरते. पण लगेच अंडी खाली ठेवायची घाई नको. दोन दिवस तिच्याखाली एखादं जुनं अंडं ठेवून बघा. दोन्ही रात्री बसून राहिली तरच ती खरी.

अंडी आठवड्याच्या आतली निवडा, मध्यम आकाराची, कवच गुळगुळीत. धुवू नका, कारण कवचावरचं पातळ आवरण जातं आणि आत जंतू शिरतात. साठवताना निमुळतं टोक खाली ठेवून ज्वारीच्या डब्यात खोचा आणि रोज थोडी कलती करा. फ्रीजमधली चालत नाहीत. कळपात कोंबडा हवा आणि तो चपळ, उमदा हवा. तो त्याच कोंबड्यांचा भाऊ असेल तर शेजारच्या वस्तीवरच्या कोंबड्याशी अदलाबदल करा.

कोंबडी बसवायच्या पाटीत (टोपलीत) तळाला चाळलेली कोरडी माती, त्यावर मऊ पेंढा, मधे हलकासा खोलगट. कोंबडीच्या अंगाखाली मावतील तेवढीच अंडी, म्हणजे गावरान कोंबडीला १० ते १२. एखादं अंडं जरी पंखाबाहेर उघडं राहिलं तरी कोंबडी फिरवत राहते आणि आळीपाळीने सगळीच गारठतात. माझ्या सासूबाई पाटीत एक कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवतात, वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून. मीही तो ठेवते. कोंबडी रात्री अंधारात बसवा, दिवसा बसवली तर उठून जुन्या जागी जाते. रोज एकदा तिला उठू द्या: खाणं, पाणी, राखेत लोळणं, एवढ्यासाठी १५-२० मिनिटं पुरतात. या दिवसांत तिला भरड्यापेक्षा अख्खी ज्वारी द्या, विष्ठा घट्ट राहते आणि पाटी घाण होत नाही.

सातव्या-आठव्या रात्री अंडी तपासा. खोलीत पूर्ण अंधार करा, मोबाइलच्या बॅटरीवर पुठ्ठ्याला पैशाएवढं भोक पाडून ठेवा आणि अंड्याचं जाड टोक त्या भोकावर टेकवा. आत लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर पिल्लू वाढतंय. पहिल्यांदा पाहताना तो ठिपका हलतो तेव्हा हातातलं अंडं एकदम जपून धरलं जातं. सगळं पिवळसर, कोरं दिसलं तर ते अंडं काढून घ्या. नुसतीच लाल कडी दिसली तर जीव मधेच थांबला आहे, तेही काढा. ही अंडी आत राहिली तर सडून फुटतात आणि बाकीची खराब करतात.

अठराव्या दिवसानंतर पाटीला हात लावू नका. एकविसाव्या दिवशी चोचीने कवचाला भोक पडतं, तिथून पूर्ण बाहेर यायला पिल्लाला अर्धा दिवससुद्धा लागू शकतो. कवच सोलून मदत करायचा मोह आवरा. आतल्या रक्तवाहिन्या सुकलेल्या नसतात, ओढलं तर रक्त जातं. जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, त्यामुळे पहिला दिवस खाऊ घातलं नाही तरी चालतं. पाणी मात्र उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. खायला पहिले काही आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्यच द्या. तांदळाची कणी वरून चालेल, पण नुसत्या कणीवर पिल्लू पंख सोडून बसतं.

फेब्रुवारीत पहाट बोचरी आणि दुपार चांगलीच कडक असते. आई असेल तर ऊब तीच सांभाळते. विकतची पिल्लं बल्बखाली वाढवत असाल तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंशांच्या आसपास ठेवा आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करा. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवली तर थंडी वाजतेय, चोची उघड्या टाकून कडेला पळाली तर उष्णता जास्त झाली, सारखी विखुरली तर ठीक. दुपारी बल्ब बंद करायला विसरू नका.

याच महिन्यात लस. मानमोडी (राणीखेत रोग) आली की मान वळते, हिरवट-पांढरी हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ नावाची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा लासोटा. आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना आर-टू-बी ही लस, टोचून. त्याच्या एक आठवडा आधी जंताचं औषध द्या. आजारी पक्ष्याला टोचू नका. एका बाटलीत बऱ्याच पक्ष्यांची लस असते आणि विरघळवल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून आम्ही चार वस्त्यांच्या बायका एकच दिवस ठरवतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांकडे टोचून मोकळं व्हायचं.

आमच्याकडे ऊसतोड चालू असते ती हीच वेळ. फड रिकामा झाला की त्यात दडलेली मुंगसं, रानमांजरं, कोल्हे वस्तीकडे सरकतात. कोंबड्यांची नुसती पातळ जाळी मुंगूस सहज वाकवतं. खुराड्याला जाड वेल्डची जाळी लावा, ती वीतभर जमिनीत पुरा आणि दार दिवेलागणीच्या आत लावा. पिल्लं असलेली कोंबडी दुपारीही डालग्याखाली ठेवा, शिकरा नेमका भर दुपारी झडप घालतो.

आणि पाण्याकडे लक्ष द्या. उजनीवर या दिवसांत रोहित, चक्रवाक, थापट्या बदकं हजारोंनी उतरलेली असतात. ती बघायला माणसं लांबून येतात आणि आम्हालाही त्यांचं कौतुक आहे. पण पाणपक्ष्यांमधून बर्ड फ्लू येऊ शकतो. देशात त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा कोंबड्या गेल्या. म्हणून कोंबड्यांना काठावर चरायला सोडू नका, त्यांना धरणाचं पाणी पाजू नका, मासेमारीचे चिखलाचे बूट घालून खुराड्यात जाऊ नका. एकाएकी तीन-चार पक्षी मेले तर ते कालव्यात किंवा ओढ्यात टाकू नका, उघड्या हाताने उचलू नका. दवाखान्याला लगेच कळवा आणि ते येईपर्यंत बाकीचा कळप कोंडून ठेवा. लपवलं तर पुढच्या वस्तीच्याही कोंबड्या जातात.

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, पण होळीपर्यंत पहाटेचा गारवा राहतोच, म्हणून वाऱ्याच्या बाजूची गोणी होळीनंतरच काढा. त्याच दिवशी पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाका, पाण्याची भांडी मातीची करा आणि सावलीत हलवा. माघाची पिल्लं तोवर दोन-तीन आठवड्यांची झालेली असतात. दुसऱ्या लासोटाची तारीख कॅलेंडरवर तेव्हाच लिहून ठेवा.